डेक्स्ट्रोप्रोपॉक्सिफेन : बंदी आणि पर्याय
डेक्स्ट्रोप्रोपॉक्सिफेन हे अफूवर्गीय कृत्रिम वेदनाशामक. भारतात ते बहुधा पॅरासिटामॉलसोबत ‘प्रॉक्सिव्हॉन’सारख्या नावांनी विकले जाई आणि जुनाट दुखण्याच्या अनेक रुग्णांचा त्यावर भरवसा होता. मात्र त्याची उपयुक्त व घातक मात्रा यांत अंतर थोडे असून हृदयाची लय बिघडण्याचा धोकाही असतो.

अतिसेवनाने होणारे मृत्यू पाहून ब्रिटनने २००५ मध्ये ते टप्प्याटप्प्याने मागे घेण्याचे ठरविले. अमेरिकेतून ते २०१० मध्ये गेले. भारत सरकारने औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० च्या कलम २६-अ अन्वये मे २०१३ मध्ये त्याचे उत्पादन व विक्री थांबविली. आदेश केंद्राचा असल्याने सावरगाव, पांढुर्णा, सौंसर येथील औषधदुकानांनाही तो महाराष्ट्राइतकाच लागू झाला.

रुग्णांपुढे प्रश्न उरला तो पर्यायाचा. ब्रिटनमध्ये माघारीनंतर या औषधाने होणाऱ्या आत्महत्या घटल्या; परंतु ज्यांना अन्य गोळ्या मानवत नव्हत्या, त्यांची अडचण खरी होती. भारतात पर्यायी ठरलेले ट्रॅमाडॉलही २०१८ मध्ये अमली पदार्थ कायद्याच्या कक्षेत आले. अफूवर्गीय औषध अचानक सोडल्यास अस्वस्थता, घाम, निद्रानाश असे त्रास होतात. म्हणून बदल डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावा.