जुनी मोटार घेताना : गाडीआधी विक्रेता पारखा

सोळा तालुक्यांच्या यवतमाळ जिल्ह्यात मोटार ही आता केवळ चैनीची वस्तू राहिलेली नाही. उमरखेड किंवा वणीहून जिल्ह्याच्या ठिकाणी यावयाचे तर सुमारे शंभर किलोमीटरचा प्रवास घडतो. यवतमाळला मूर्तिजापूरशी जोडणारी ‘शकुंतला’ बंद पडून बरीच वर्षे लोटली आहेत, आणि मोठ्या उपचारांसाठी अनेकांना सावंगी, सेवाग्राम किंवा नागपूर गाठावे लागते. नवी गाडी आवाक्याबाहेर असली की मध्यमवर्गीय कुटुंबाची पावले जुन्या गाडीकडे वळतात. मग पहिला प्रश्न पडतो तो हा, की गाडी शोरूममधून घ्यावी की ओळखीतल्या मालकाकडून?

या प्रश्नाचे उत्तर बहुतेक जण किमतीत शोधतात. वास्तविक ते उत्तरदायित्वात शोधावयास हवे. उद्या इंजिन बिघडले, जुने कर्ज उघडकीस आले किंवा अपघात झाला, तर कायद्याने कोणाला जाब विचारता येईल, हा खरा मुद्दा आहे.

विकणाऱ्यांचे तीन प्रकार

पहिला प्रकार संघटित विक्रेत्यांचा. मारुतीने २००१ मध्ये ‘ट्रू व्हॅल्यू’ सुरू केल्यानंतर जुन्या गाड्यांच्या व्यवसायात कंपन्या उतरल्या आणि पुढे इंटरनेटवरून गाड्या विकणारेही आले. दुसरा प्रकार प्रत्यक्ष मालकाचा. बदली झालेला अधिकारी, मोठी गाडी घेणारा व्यापारी किंवा वापर कमी झाल्याने गाडी काढणारे निवृत्त शिक्षक या प्रकारात मोडतात.

तिसरा प्रकार या दोहोंच्या मधला आहे. मोकळ्या जागेत पाच-दहा गाड्या उभ्या करून कमिशनवर विकणारा हा मध्यस्थ. त्याच्याकडील गाडी मूळ मालकाच्याच नावावर असते. मालकाने कोऱ्या टीटी फॉर्मवर सह्या करून दिलेल्या असतात आणि मध्यस्थाचे नाव कोणत्याही कागदावर येत नाही. भाव करताना तो व्यापारी असतो, तक्रार येताच मात्र ‘मी फक्त गाठ घालून दिली’ असे म्हणतो. अशा व्यवहारात ग्राहकाला मालकाकडून मिळणारी स्वस्ताई मिळत नाही आणि व्यापाऱ्याकडून मिळणारे संरक्षणही मिळत नाही.

ही पळवाट बुजविण्यासाठी केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली. ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. तीनुसार जुन्या, नोंदणीकृत वाहनांचा व्यापार करणाऱ्याने परिवहन विभागाकडून प्राधिकारपत्र घ्यावयाचे असते. त्याचा नमुना २९-बी असून मुदत पाच वर्षांची आहे. मालकाने गाडी अशा व्यापाऱ्याच्या ताब्यात दिली की नमुना २९-सी द्वारे तशी सूचना पोर्टलवर नोंदवली जाते. त्यानंतर गाडी विकली जाईपर्यंत तो व्यापारीच तिचा ‘मानीव मालक’ ठरतो. त्या काळात गाडीच्या बाबतीत जे काही घडेल त्याची जबाबदारी त्याच्यावर असते. म्हणून विक्रेत्याला सर्वप्रथम २९-बी प्रमाणपत्र दाखविण्यास सांगावे. ‘बघू, देऊ’ असे उत्तर आल्यास सावध व्हावे.

किमतीतील फरक कशाचा?

तीच गाडी, तेच मॉडेल आणि तेवढ्याच किलोमीटरची असली तरी व्यापाऱ्याकडे ती महाग मिळते. या फरकात त्याचा नफा, तपासणी व डागडुजीचा खर्च, वॉरंटी आणि वस्तू व सेवा कर हे घटक येतात. जीएसटी परिषदेच्या २१ डिसेंबर २०२४ च्या बैठकीत सर्व जुन्या गाड्यांसाठी, विजेवर चालणाऱ्या गाड्यांसह, १८ टक्के हा एकच दर ठरला. त्यापूर्वी लहान गाड्यांना १२ टक्के दर लागू होता.

हा कर गाडीच्या संपूर्ण किमतीवर लागतो, असा अनेकांचा समज आहे. तो बरोबर नाही. कर लागतो तो व्यापाऱ्याच्या खरेदी व विक्री किमतीतील फरकावर. समजा, त्याने गाडी तीन लाखांना घेऊन तीन लाख साठ हजारांना विकली, तर कर साठ हजारांवर, म्हणजे १० हजार ८०० रुपये होतो. संपूर्ण किमतीवर १८ टक्के मागणाऱ्याला हिशेब विचारावा. जीएसटीत नोंदणी नसलेल्या सामान्य व्यक्तीने आपली गाडी विकल्यास हा कर लागू होत नाही. प्रत्यक्ष मालकाची गाडी स्वस्त पडण्याचे हे एक कारण आहे.

भाव ठरविताना नव्या गाडीचा आजचा दर जरूर पाहावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान नव्या गाड्यांवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरील उपकरही गेला. तेव्हा विक्रेता ‘मी एवढ्याला घेतली होती’ असे सांगत असेल, तर ती जुनी किंमत आज तुलनेला उपयोगाची नाही.

तक्रार कोठे करावयाची?

व्यापारी व खासगी मालक यांच्यात कायद्याच्या दृष्टीने मोठे अंतर आहे. २० जुलै २०२० पासून अमलात येऊ लागलेल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार व्यापाऱ्याविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी तक्रारीला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची आहे.

यवतमाळकरांच्या विशेष उपयोगाची एक तरतूद याच कायद्यात आहे. तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो, तेथील आयोगातही तक्रार दाखल करता येते. गाडी नागपूर, अमरावती किंवा पुण्याच्या विक्रेत्याकडून घेतली असली तरी दाद यवतमाळात मागता येते. मात्र त्यासाठी बिल हवे, आणि वॉरंटीत काय समाविष्ट आहे ते लेखी हवे. तोंडी ‘सहा महिने काही झाले तर गाडी आणा’ या आश्वासनाला आयोगापुढे फारसे मोल राहत नाही.

आपली एकच गाडी विकणारा खासगी मालक हा व्यापारी नसतो. त्याच्याविरुद्ध सर्वसाधारणपणे ग्राहक आयोगाकडे जाता येत नाही. मार्ग उरतो तो दिवाणी न्यायालयाचा. १९३० च्या मालविक्री कायद्यानुसार विक्रेत्याला गाडी विकण्याचा अधिकार आहे, हे गृहीत धरलेले असते. मात्र गाडीच्या दर्जाची हमी खासगी व्यवहारात आपोआप मिळत नाही. पारखून घेण्याची जबाबदारी घेणाऱ्याचीच. खासगी व्यवहारात वाचलेल्या पैशांतील काही भाग ओळखीच्या नव्हे, तर स्वतंत्र मेकॅनिककडून गाडी तपासून घेण्यावर खर्च करावा, तो याचसाठी.

‘सह्या करून दिल्या’ एवढे पुरेसे नाही

खासगी व्यवहारातील सर्वांत मोठा धोका गाडी नावावर न होण्याचा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार राज्यांतर्गत विक्रीची सूचना विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला द्यावयाची असते. त्यासाठी नमुना २९ व ३० भरले जातात. यवतमाळच्या कार्यालयाचा संकेतांक एमएच-२९ आहे. आता या सेवेचा बराचसा भाग परिवहन विभागाच्या पोर्टलवर उपलब्ध आहे. तरीही ‘एजंटकडे कागद दिलेत’ यावर विसंबून महिनोन्‌महिने वाट पाहणारे आढळतात.

याचे परिणाम विकणाऱ्यालाही भोगावे लागतात. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये दिलेल्या एका निकालातून ते स्पष्ट होते. २००९ मधील अपघातापूर्वी ती गाडी एकामागून एक अनेकांच्या हाती गेली होती. परंतु परिवहन कार्यालयात नोंद मूळ मालकाचीच होती. नोंदणी ज्याच्या नावे, तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, असे सांगून न्यायालयाने नुकसानभरपाईची जबाबदारी त्याच्यावर टाकली. गाडी विकून पैसे घेतले म्हणजे विषय संपला, असे मानणाऱ्यांनी हा निकाल ध्यानात ठेवावा.

गाडी ताब्यात देताना तारीख व वेळ घालून ताबापावती करावी. पुढील चलन किंवा अपघात कोणाच्या काळातील, हे ठरविताना ती पुरावा म्हणून उपयोगी पडते. मात्र ती नावबदलाची जागा घेऊ शकत नाही.

पैसे शक्यतो बँकेमार्फत द्यावेत. एका व्यवहारात दोन लाख रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याने मनाई आहे आणि तेवढ्याच रकमेचा दंड घेणाऱ्याला होऊ शकतो. रोखीने देणाऱ्याच्या हाती तर पुरावाच उरत नाही.

विम्याची मेख

‘विमा चालू आहे’ हे वाक्य ऐकून निश्चिंत होऊ नये. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारींना तृतीय पक्ष विमा एकदम तीन वर्षांसाठी घ्यावा लागतो. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा मात्र अनेकदा एका वर्षाचाच असतो. त्यामुळे पॉलिसी चालू दिसत असूनही गाडीच्या नुकसानीला संरक्षण नाही, असे होऊ शकते.

गाडीची मालकी बदलल्यावर तृतीय पक्षाचे संरक्षण कायद्याने पुढे चालू राहते. स्वतःच्या नुकसानीचे संरक्षण मात्र पॉलिसी आपल्या नावावर करून घेतल्याशिवाय मिळत नाही. कलम १५७ नुसार त्यासाठी १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करावा. विनादावा सवलत, म्हणजे ‘नो क्लेम बोनस’, ही गाडीची नसून जुन्या मालकाची असते. ती त्याच्याकडेच राहते, आणि फरकाचा हप्ता नव्या मालकाला भरावा लागतो. हा खर्च भाव ठरवितानाच धरावा.

सीमेपलीकडची गाडी

उमरखेडकरांना नांदेड जवळचे, वणीकरांना चंद्रपूर जवळचे. त्यामुळे एमएच-२६ किंवा एमएच-३४ पासिंगच्या गाड्या येथे सहज येतात आणि राज्यांतर्गत असल्याने त्यांची प्रक्रिया सोपी असते. पांढरकवडा-पाटणबोरी पट्ट्यात मात्र राष्ट्रीय महामार्ग ४४ वरून आदिलाबाद व हैदराबादच्या गाड्यांचा मोह पडतो. अशी गाडी स्वस्त दिसली तरी तेथील परिवहन कार्यालयाचे नमुना २८ मधील ना-हरकत प्रमाणपत्र घेतल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी महाराष्ट्रात ठेवावयाची तर येथील नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो आणि गाडीच्या वयानुसार येथील मोटार वाहन करही भरावा लागतो. तेथे भरलेल्या कराच्या परताव्यासाठी त्याच राज्यात अर्ज करावा लागतो. हा सारा हिशेब मांडल्यावर स्वस्ताई बरीचशी विरून जाते.

पाण्यात गेलेली गाडी

२०२३ हे वर्ष या भागाच्या स्मरणात राहिले आहे. २२ जुलैला महागाव तालुक्यातील आनंदनगरला पुराने वेढा घातला, तर २३ सप्टेंबरच्या पहाटे नागपुरात नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरून असंख्य गाड्या बुडाल्या. पाण्यात गेलेली गाडी धुऊन-पुसून चकचकीत करता येते. बिघाड दिसू लागतो तो पुढे काही महिन्यांनी, वायरिंग व इलेक्ट्रॉनिक भागांत. आसनपट्टा पूर्ण बाहेर ओढून त्यावर मातीची रेघ आहे का ते पाहावे. स्टेपनीखालची खाच, आसनांच्या रुळांवरील गंज आणि दिव्यांच्या आतील बाष्पही तपासावे. आपल्याकडील काळी माती अशा सांदीकोपऱ्यांतून सहसा पूर्ण निघत नाही. गाडी नेहमी दिवसाउजेडी व इंजिन थंड असताना पाहावी.

इसार देण्यापूर्वी

- आरसी बुकावरील चेसिस व इंजिन क्रमांक प्रत्यक्ष गाडीवरील क्रमांकांशी ताडून पाहावेत.
- ‘एमपरिवहन’ अ‍ॅपवर नोंदणी, विमा, पीयूसी व कर्जाचा बोजा तपासावा.
- कर्ज फिटले असल्यास बँकेचे ना-हरकत पत्र व नमुना ३५ घ्यावा.
- थकीत ई-चलन किती आहे ते पाहून ते विकणाऱ्याकडून भरून घ्यावे.
- १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नोंदणी पाटी बसविली आहे का ते पाहावे.
- मालक हयात नसल्यास वारसाच्या नावे नोंद होईपर्यंत व्यवहार करू नये. त्यासाठी नमुना ३१ आहे.
- अधिकृत सेवा केंद्रातून सर्व्हिसिंगची नोंद मागवावी आणि मीटरवरील आकडा तिच्याशी जुळतो का ते पाहावे.
- पंधरा वर्षांची मुदत जवळ आली असल्यास पुनर्नोंदणी व पर्यावरण कराचा खर्च किमतीतून वजा करावा.

मग घ्यावी कोठून?

ज्याला गाडीतले कळत नाही, कागदपत्रांसाठी वेळ नाही किंवा कर्ज घ्यावयाचे आहे, त्याने प्राधिकारपत्र असलेल्या विक्रेत्याकडे चार पैसे अधिक द्यावेत. ते केवळ नफ्यात जात नाहीत. बिल, वॉरंटी आणि दाद मागण्याचा हक्क त्यातून विकत मिळतो. ज्याला गाडीचा इतिहास ठाऊक आहे, मालक माहितीचा आहे आणि सोबत भरवशाचा मेकॅनिक आहे, त्याला थेट मालकाकडून घेणे फायद्याचे ठरते. अट एकच, काही रक्कम नावबदलाचा अर्ज दाखल होईपर्यंत हातची राखून ठेवावी आणि तसे लेखी ठरवून घ्यावे.

कागदावर ज्याचे नावच येत नाही, त्याच्याकडून मात्र कितीही स्वस्त मिळाली तरी गाडी घेऊ नये. किल्ली हाती आली म्हणजे व्यवहार झाला असे समजू नये. आरसी बुकावर आपले नाव छापून येईल, त्या दिवशी तो पूर्ण होतो.