अक्षरांतली आई

गेल्या रविवारी नातीने हाक मारली, "आबा, इकडे या, एक गंमत दाखवते." माझ्या आईचा एकुलता एक फोटो (आपल्या घरात सर्वांच्या ओळखीचा, कपाळावर ठसठशीत कुंकू असलेला) तिने एका संकेतस्थळावर चढवला. क्षणात पडद्यावर नुसती चिन्हांची गर्दी! @, #, +, टिंबे... मला काही अर्थबोध होईना. "मागे सरका ना," ती म्हणाली. चार पावले मागे गेलो आणि समोर आई!

मास्तरकीची खोड जात नाही. ही युक्ती आली कुठून, ते शोधत बसलो.

मंडळी, ही कल्पना संगणकापेक्षा जुनी आहे. १८९८ साली इंग्लंडमधल्या फ्लोरा स्टेसी या बाईंनी टाइपरायटरवर कंस, टिंबे आणि रेघा वापरून फुलपाखरू काढले होते. आपल्या मुंबईचे चंद्रकांत भिडे हेही याच वाटेचे प्रवासी. बँकेत नोकरी करता करता त्यांनी टाइपरायटरवर आर. के. लक्ष्मण यांच्यासारख्यांची चित्रे काढली.

पण हे सारे हाताचे आणि नजरेचे कसब. यंत्राकडून असे चित्र करवून घेतले ते १९६६ साली, अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत, केनेथ नोल्टन आणि लिऑन हार्मन यांनी. एका छायाचित्राचे त्यांनी छोट्या छोट्या चिन्हांत रूपांतर केले आणि ते सुमारे १२ फूट रुंद चित्र थट्टा म्हणून एका वरिष्ठाच्या खोलीत लावून ठेवले! जवळून चिन्हे, लांबून आडवी पहुडलेली स्त्री. पुढे ११ ऑक्टोबर १९६७ रोजी 'न्यूयॉर्क टाइम्स'नेही ते छापले.

यामागची रीत सोपी आहे. चित्राचे बारीक चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोन किती गडद, किती उजळ ते मोजायचे. मग जेवढा काळेपणा, तेवढी शाई लागणारे चिन्ह तिथे बसवायचे. केसांना @, गालाला टिंब, लख्ख उजेडाला रिकामी जागा. अट एवढीच, की प्रत्येक चिन्हाने सारखीच रुंदी व्यापली पाहिजे.

या कलेला नाव पडले ते 'आस्की' या संकेतप्रणालीवरून. ती अमेरिकेत १९६३ साली ठरली. तीत जागा अवघ्या १२८, आणि आपल्या देवनागरीला त्यांत एकही नाही. युनिकोडमध्ये ती १९९१ साली आली. म्हणून नातीला म्हटले, आजीच्या नावाची अक्षरे घालून बघ. घातली, तर नाक एकीकडे आणि कुंकू भलतीकडे! आमच्या अक्षरांची रुंदी कमी-जास्त, त्यात काना-मात्रा, ओळी कशा जुळणार?

दोघेही खूप हसलो. मग मात्र मी गप्प झालो.

माझ्या आईला अक्षरओळख नव्हती. मला शाळेत घातले तेव्हा वडील गावी नव्हते, अर्जावर आईचा अंगठा आहे. मी कधी पोथी वाचू लागलो की ती शेजारी बसून पानाकडे एकटक बघे. काय बघत असेल, असे मला तेव्हा वाटे. आता वाटते, तिला त्या पानावर या यंत्रासारखेच दिसत असणार, इथे काळे दाट, इथे विरळ, इथे कोरे. यंत्र तरी अक्षर कुठे वाचते? ते फक्त शाई मोजते.

मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलांना बाराखडी शिकवली. आईला म्हणायचो, "दिवाळीच्या सुट्टीत तुला सही शिकवतो हं." ती म्हणायची, "शिकव की, मला कुठं घाई आहे?" सुट्ट्या येत गेल्या. कधी पेपर तपासायचे, कधी जनगणनेचे काम, कधी नुसताच आळस. एक दिवस आई गेली. सही राहिली ती राहिलीच.

नातीने ते चित्र कागदावर छापून दिले आहे. भिंतीवर लावले आहे, लांबून बघावे असे. जवळ गेलो की आई नाहीशी होते आणि नुसती अक्षरे उरतात.

असो. हौस म्हणून तुम्हीही एखादा जुना फोटो घालून पाहा. आणि घरात कुणाचे काही शिकायचे राहिले असेल, तर सुट्टीची वाट पाहू नका.