उंदीरमामा विलायतेत

बर्मिंगहॅमच्या कचरा उचलणाऱ्या कामगारांचा बेमुदत संप ११ मार्च २०२५ ला सुरू झाला. महिना संपता संपता कौन्सिलने आणीबाणी जाहीर केली, कारण तोवर रस्त्यांवर १७ हजार टन कचरा साठला होता! पिशव्यांचे ढिगारे आणि त्यांत उंदीर. आमच्याच गल्लीतले एक कुटुंब मात्र त्या दिवसांत दोन उंदीर हौसेने पाळत होते. फोनवर हे ऐकून आमची आई म्हणाली, "अरे, पाळायला दुसरं काही मिळालं नाही का त्यांना?"

आई पुण्याची. आपण गणपतीसमोर उंदीरमामालाही मोदक ठेवतो हे खरे, पण पुण्याने १८९७ चा प्लेगही पाहिला आहे. घरात उंदीर मरून पडू लागले की लोक घर सोडून माळावर झोपड्या बांधून राहत. उंदरावरच्या पिसवांतून प्लेग माणसाला होतो, हे पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून दाखवले. इतक्या घरांत माणसे गेली, तिथे तो प्राणी मांडीवर कोण घेणार?

पण एक तांत्रिक मुद्दा आहे (इंजिनिअर माणूस, चालायचेच!). आपल्याकडे घराच्या आढ्यावरून पळणारा तो बहुतेक काळा उंदीर. इथे पाळतात तो तपकिरी उंदीर, म्हणजे वेगळी जात. मूळचा आशियातला, पण इंग्लंडात अठराव्या शतकात पोचला आणि काळ्याला हुसकावून बसला.

आता हा गटारातला प्राणी दिवाणखान्यात कसा आला? त्याचा रस्ता जातो एका क्रूर खेळातून. पूर्वी इंग्लंडात बैल बांधून त्याच्यावर कुत्री सोडत. आमच्या शहराच्या मध्यावरच्या 'बुल रिंग' बाजाराच्या नावाचा संबंधही त्या खेळाशी जोडतात. १८३५ च्या कायद्याने बैल, अस्वले, कोंबडे यांच्या झुंजी बंद केल्या. उंदराची मात्र कायद्याला फिकीर नव्हती! मग पब-मालकांनी लाकडी कठडे उभारले, आत जिवंत उंदीर ओतायचे, कुत्रा सोडायचा आणि किती मिनिटांत किती मारतो यावर पैजा लावायच्या. त्यासाठी जिवंत उंदीर शेकड्याने लागत, आणि ते पकडून विकणे हा चांगला धंदा झाला.

या धंद्यातला बादशहा म्हणजे लंडनचा जॅक ब्लॅक. स्वतःला राणी व्हिक्टोरियाचा उंदीर पकडणारा म्हणवायचा. पत्रकार हेन्री मेह्यूने त्याची मुलाखत लिहून ठेवली आहे, ती मुळातून वाचण्यासारखी आहे. लाल जाकीट, हिरवा कोट, आणि छातीवरून आडवा पट्टा. पट्ट्यावर धातूचे उंदीर, आणि ते ओतायला त्याने बायकोची भांडी वापरली होती!! (बायको आपल्या भांड्यांसाठी हळहळली, तेही मेह्यूने दिले आहे.) चावे खाऊन हा माणूस मरता मरता वाचला होता. पण याच ब्लॅकला पकडलेल्यांत एखादा पांढरा किंवा ठिपक्यांचा उंदीर दिसला, की तो त्याला कुत्र्यासमोर टाकत नसे. बाजूला ठेवायचा, पैदास करायचा आणि खारीच्या पिंजऱ्यात ठेवायला बायकांना विकायचा. माझ्या मते यात भूतदया थोडी आणि धंद्याची नजर जास्त, पण त्यामुळे काही उंदीर वाचले एवढे नक्की. पुढे बीट्रिक्स पॉटरनेही सॅमी नावाचा पांढरा उंदीर पाळला आणि १९०८ चे आपले एक पुस्तक त्याच्या आठवणीला अर्पण केले.

प्रदर्शनात मानाचे स्थान मिळवून दिले ते मेरी डग्लस या बाईंनी. उंदरांचा वेगळा क्लब नव्हता, म्हणून त्यांनी पिटुकल्या उंदरांच्या, म्हणजे 'माऊस'च्या क्लबाला गळ घातली, आणि १९०१ मध्ये एल्सबरीच्या प्रदर्शनात 'रॅट' पहिल्यांदा दाखल झाले. १९१२ मध्ये क्लबाच्या नावातही रॅट आला. १९२१ मध्ये बाई गेल्या आणि हौसही ओसरली. काही वर्षांत तो शब्द नावातून गळला. पुन्हा स्वतंत्र संस्था उभी राहायला १९७६ उजाडले.

शेजाऱ्यांकडून सांभाळण्याचे शास्त्रही कळले. उंदीर एकटा ठेवायचा नाही, झुरतो. निदान दोन हवेत. पाइनचा किंवा सीडारचा भुसा नको, कारण त्यांची फुप्फुसे नाजूक. त्याला उलटी करता येत नाही, म्हणून खाण्यावर लक्ष ठेवायचे. (कौन्सिलचे विष बाहेरच्यांवर चालते त्याचेही एक कारण हेच.) आणि इतके करून आयुष्य दोन-तीन वर्षांचे.

त्यांच्यातला एक उन्हाळ्यात घरघरू लागला. डॉक्टरची फी उंदराच्या किमतीच्या कितीतरी पट झाली. नऊ वर्षांची मुलगी सकाळ-संध्याकाळ औषध केळ्यात कालवून भरवत होती. शाळेत मात्र तिने घरी उंदीर आहेत हे कुणाला सांगितले नव्हते.