शेतजमिनीवर दगडखाण : राजधानी क्षेत्रातील परवानग्या आणि अरवलीचा अनुभव

शेताखाली दगड आहे म्हणून तो काढण्याचा अधिकार जमीनमालकास आपोआप प्राप्त होत नाही. जमिनीचा वापर बदलण्याची मंजुरी, खनिज काढण्याचा पट्टा आणि पर्यावरणविषयक मंजुरी या स्वतंत्र बाबी असून, एक मिळाल्याने दुसरी मिळाली असे होत नाही. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात, विशेषतः हरियाणातील फरिदाबाद, गुरुग्राम आणि नूह या जिल्ह्यांत, हा फरक गेल्या तीन दशकांत न्यायालयांपुढे वारंवार आला आहे.

दिल्लीच्या बांधकामांना लागणारी खडी आणि ‘बदरपूर’ या नावाने ओळखली जाणारी भरड वाळू दीर्घकाळ अरवलीच्या टेकड्यांतून येत होती. याच टेकड्यांच्या भेगाळ खडकांतून पावसाचे पाणी जमिनीत मुरते. दगड आणि पाणी यांचा साठा एकाच ठिकाणी असल्याने येथील प्रत्येक खाणीचा प्रश्न पाण्याचाही प्रश्न ठरतो.

जमिनीची नोंद

पहिली तपासणी महसुली नोंदीची असते. महाराष्ट्रात जसा सातबारा, तशी हरियाणात जमाबंदी. तीत ‘गैर मुमकिन पहाड’, म्हणजे लागवडीस अयोग्य डोंगर, अशी नोंद असल्यास प्रकरण साध्या शेतजमिनीचे राहत नाही. केंद्र सरकारने ७ मे १९९२ रोजी काढलेल्या अधिसूचनेनुसार तत्कालीन गुडगाव जिल्हा आणि राजस्थानातील अलवर जिल्हा येथील अशा नोंदीच्या जमिनींवर पूर्वपरवानगीशिवाय नव्या खाणी सुरू करण्यास व जुन्या पट्ट्यांचे नूतनीकरण करण्यास मनाई आहे.

दुसरी तपासणी १९०० सालच्या पंजाब भूसंरक्षण कायद्याची. या कायद्याच्या कलम ४ खालील विशेष आदेश लागू असलेली जमीन वनच मानली जाईल, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये दिला. अशा जमिनीवर वनेतर कामासाठी केंद्राची पूर्वमंजुरी आवश्यक असते. जमीन खासगी मालकीची असली तरी त्यामुळे फरक पडत नाही.

वापरबदलाची मंजुरी

महाराष्ट्रात ज्याला बिनशेती किंवा ‘एनए’ म्हणतात, त्याच्याशी मिळतीजुळती प्रक्रिया हरियाणात १९६३ च्या नियंत्रित क्षेत्रविषयक कायद्यानुसार चालते. नियंत्रित क्षेत्रातील शेतजमिनीचा वापर बदलण्यासाठी नगर व ग्राम नियोजन विभागाकडे अर्ज करावा लागतो. विकास आराखड्यांतील शेती विभागात दगडखाण व खडी केंद्र पूर्णतः वर्ज्य नाही. मात्र ते नियमांच्या अधीन राहून आणि मंजूर जागीच चालवता येते.

खाणपट्टा आणि पर्यावरण

बांधकामाचा दगड हे गौण खनिज आहे. १९५७ च्या खाण व खनिज कायद्याच्या कलम १५ नुसार त्याचे नियम राज्ये करतात. हरियाणाने आपले नियम २०१२ मध्ये केले. तेथे पट्टे मुख्यतः लिलावाने दिले जातात. त्यामुळे पट्टेदार आणि शेतमालक भिन्न असू शकतात; मालकास भाडे व नुकसानभरपाई मिळण्याची तरतूद आहे.

पूर्वी पाच हेक्टरपेक्षा लहान पट्टे पर्यावरण मंजुरीतून सुटत असत. हरियाणातील लिलावांच्या सूचनांवरून उद्‌भवलेल्या प्रकरणात २७ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही पळवाट बंद केली आणि लहान पट्ट्यांनाही मंजुरी आवश्यक ठरवली. शेजारी शेजारी असलेल्या लहान खाणींचा एकत्रित परिणाम मोठ्या खाणीइतकाच होऊ शकतो, हा त्यामागील विचार होता. याशिवाय प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, तसेच सुरुंग व कामगार सुरक्षेविषयीचे नियम लागू होतात.

अरवलीत काय घडले

सर्वोच्च न्यायालयाने मे १९९२ मध्ये दिल्लीतील लाल कुआँसह अनेक ठिकाणची खडी केंद्रे बंद करून ती हरियाणातील पाली येथे हलविण्याचा आदेश दिला. लाल कुआँ येथील अनेक कामगारांना दगडाच्या धुळीमुळे सिलिकोसिस हा फुप्फुसांचा असाध्य विकार जडला होता. १० मे १९९६ रोजी बडखल व सूरजकुंड या जलाशयांपासून दोन किलोमीटरच्या परिघात खाणकाम बंद करण्यात आले. ऑक्टोबर २००२ मध्ये अरवलीत बंदी आली. मार्च २००४ च्या निकालाने देखरेख समिती नेमली गेली आणि ८ मे २००९ रोजी फरिदाबाद, गुडगाव व मेवात परिसरातील सुमारे ४४८ चौरस किलोमीटर क्षेत्रातील खाणकाम स्थगित झाले.

तोपर्यंत अनेक खाणी भूजल पातळीच्या खाली गेल्या होत्या. सोडून दिलेल्या खड्ड्यांत पाणी साचून खोल तळी तयार झाली, तर बडखलचा जलाशय कोरडा पडला. दुसरीकडे, खाणी अचानक थांबल्याने त्यांवर पोट असलेल्या मजुरांचा रोजगार बुडाला. परवानगी देताना जे तपासले गेले नाही, त्याची किंमत गावे आणि कामगार या दोघांनाही मोजावी लागली.

व्याख्येचा वाद

अरवली म्हणजे नेमके काय, हा प्रश्नही वादाचा ठरला. सभोवतालच्या भूभागापेक्षा किमान १०० मीटर उंच भूरूपांनाच अरवली टेकडी मानण्याची व्याख्या सर्वोच्च न्यायालयाने २० नोव्हेंबर २०२५ रोजी स्वीकारली. कमी उंचीच्या टेकड्या संरक्षणाबाहेर जातील, या आक्षेपानंतर २९ डिसेंबर २०२५ रोजी न्यायालयाने स्वतःच त्या निर्णयास स्थगिती दिली.

यावरून अर्जदार व ग्रामस्थ दोघांसाठी तपासणीचा क्रम स्पष्ट होतो. आधी महसुली नोंद व वनविषयक स्थिती, नंतर विकास आराखडा, त्यानंतर खाणपट्टा, भूजलाची खोली आणि पर्यावरण मंजुरी, आणि शेवटी खाण संपल्यावर खड्डा भरण्याची योजना. यांपैकी शेवटची बाब सर्वाधिक दुर्लक्षित राहते. शेताचा वापर कागदावर बदलता येतो व कागदावरच पूर्ववतही करता येतो; फोडलेला खडक आणि उघडे पडलेले भूजल मात्र पूर्वस्थितीत आणता येत नाही.