ठेव : डॉ. कोटणीसांच्या निमित्ताने

सोलापूरच्या भैया चौकात डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचे स्मारक आहे. आपण सोलापूरकर हे नाव अभिमानाने उच्चारतो. परंतु त्या उज्ज्वल जीवनाने मागे ठेवलेला एक प्रश्न मात्र आपण सहसा मनात येऊ देत नाही. सेवेसाठी देह झिजवणे आणि देहाची हेळसांड करणे, यांतील सीमारेषा कोणती?

डॉ. कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. मुंबईच्या सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात ते शिकले. पुढील शिक्षणाची तयारी चालू असतानाच १९३८ साली, जपानी आक्रमणाखाली होरपळणाऱ्या चीनला साहाय्य करण्यासाठी भारतीय राष्ट्रीय काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठवले. अटल, चोळकर, बसू आणि मुखर्जी यांच्यासमवेत कोटणीस निघाले. बाकीचे चौघे यथावकाश मायदेशी परतले. कोटणीस परतले नाहीत.

उत्तर चीनच्या डोंगराळ मुलखात औषधे अपुरी, अन्न अपुरे आणि जखमी मात्र अगणित. १९४० मधील एका लढाईच्या वेळी त्यांनी सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्या. जानेवारी १९४१ मध्ये ते बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले. ज्यांच्या नावाचे हे रुग्णालय, ते कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथून एका प्रेस्बिटेरियन पाळकाचे पुत्र होते. हातमोज्यांविना शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून विषबाधा होऊन १९३९ साली त्यांचे निधन झाले होते. कोटणीसांनाही आजाराने गाठले. अपस्माराचे झटके वारंवार येऊ लागले, तरी काम थांबले नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी त्यांची प्राणज्योत मालवली. मागे राहिली पत्नी ग्वो चिंगलान, काही महिन्यांचे तान्हे बाळ आणि शस्त्रक्रियेवरील अपुरे राहिलेले पाठ्यपुस्तक.

या त्यागाला उणे लेखण्याचा अधिकार आपल्याला नाही. समोर मरणारा मनुष्य असताना विश्रांतीचा विचार करायला वेळ कोठून असणार? जो मित्रांसाठी प्राण देतो त्याच्या प्रीतीहून मोठी प्रीती नाही, हे आपण प्रभू येशूच्या मुखातून शिकलो आहोत. तथापि त्या अपुऱ्या पुस्तकाकडे पाहताना मन हळहळते. भारतात आणि चीनमध्ये त्या हातांनी आणखी तीस वर्षे किती प्राण वाचवले असते!

आपल्या श्रद्धेने या दोन्ही बाजू सांभाळल्या आहेत. संत पौलाने करिंथकरांना शरीर हे पवित्र आत्म्याचे मंदिर असल्याचे सांगितले, आणि तीमथ्याला त्याच्या पोटाच्या विकारासाठी थोडा द्राक्षारस घेण्याचा घरगुती सल्लाही दिला. एलिया संदेष्टा खचून झाडाखाली मरण मागत पडला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिले, झोपू दिले. लोकांची रीघ लागल्यामुळे शिष्यांना जेवायलाही उसंत मिळेना, तेव्हा प्रभूने त्यांना एकांती नेऊन विसावा घ्यायला सांगितले.

येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांचे उदाहरण तर अधिकच बोलके आहे. १५२२-२३ मध्ये मानरेसा येथे त्यांनी इतके कठोर उपवास आणि जागरण केले, की पोटाचे दुखणे त्यांना जन्मभर पुरले. त्यातून ते शहाणे झाले. १५४८ साली गांदियाचे ड्यूक फ्रान्सिस बोर्जा यांना त्यांनी पत्राने कळवले की, उपवास कमी करा, शरीर सुदृढ ठेवा. संघाच्या घटनेतही त्यांनी शरीररक्षणासाठी एक स्वतंत्र प्रकरण घातले. तपश्चर्येत स्वतः पोळलेल्या संताने लिहिलेले हे नियम आहेत, ऐषआरामाची सवलत नव्हे.

आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांनी या ठिकाणी थोडे अंतर्मुख व्हावे. आपल्याकडे 'दुखणे अंगावर काढणे' असा एक वाक्प्रचार आहे, आणि तो कौतुकानेच वापरला जातो. घरातील माता सर्वांच्या मागून, उरलेसुरले जेवते आणि ताप आला तरी चुलीपुढून उठत नाही. पिता रात्रपाळ्या करून मुलांच्या शुल्काची तजवीज करतो, परंतु स्वतःचा रक्तदाब तपासून घेत नाही. मुले परीक्षेसाठी झोप मोडतात, मैदान विसरतात. याला आपण त्याग म्हणतो, यशाची किंमत म्हणतो. पण कोटणीसांसमोर रणभूमी होती; आपल्यासमोर बहुधा केवळ आळस असतो, भीती असते किंवा उद्यावर ढकलण्याची सवय असते. दवाखाना चार पावलांवर असताना अंगावर काढलेले दुखणे म्हणजे आत्मसमर्पण नव्हे.

दुसरीही बाजू विसरून चालणार नाही. आरोग्य हेच यश नव्हे, आणि आजारपण ही देवाची अवकृपा नव्हे. अंथरुणाला खिळलेला मनुष्यही ख्रिस्ताच्या दुःखसहनात सहभागी होऊन मोठे कार्य करू शकतो. अट एवढीच, की ते आजारपण आपण हेळसांडीने ओढवून घेतलेले नसावे.

दाखल्यातील धन्याने चाकरांवर द्रव्य सोपवले, ते वाढवण्यासाठी. देह हीदेखील अशीच ठेव आहे. ती पुरून ठेवायची नाही, तशी उधळूनही टाकायची नाही. प्रसंग आलाच तर कोटणीसांप्रमाणे ती संपूर्ण अर्पण करण्याचे धैर्य आपल्याला लाभो. परंतु अर्पण करण्यासाठी आधी ती ठेव आपल्याजवळ शाबूत असली पाहिजे.