‘सर्व्हर डाऊन’ म्हणजे नक्की काय? एका डीएनएस अलर्टचा इतिहास

पीएचडीला लागण्याआधी काही महिने मी सातपूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात नेटवर्कचं काम बघत होतो. एका रात्री मॉनिटरिंग टूलचा पडदा एकदम लाल झाला. मेल सर्व्हर, फाइल सर्व्हर, हजेरीचं मशीन, सगळ्यांपुढे एकच शब्द: डाऊन. आम्ही एकेक मशीन रीस्टार्ट करत सुटलो. दीड तासाने लक्षात आलं की मशीन सगळी धडधाकट होती. बंद होती ती फक्त कारखान्यातली डीएनएस सेवा. टूलमध्ये प्रत्येक मशीनचं नाव भरलेलं, नावाचा आयपी पत्ता मिळेना, म्हणून टूलने सगळ्यांनाच बंद ठरवलं. महिन्याच्या अहवालात मात्र ‘सर्व सर्व्हर दीड तास बंद’ अशी नोंद गेली. ती आजही तिथे असेल.

उद्या कुणी त्या अहवालावर प्रबंध लिहिला तर? हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणून आज त्या एका लाल ओळीचा इतिहास बघू.

सातपूरला कंपनी शोधताना आपण नाव सांगतो आणि पानवाला प्लॉट नंबर सांगतो. डीएनएस हेच काम करतं. आधी हे काम एका फाइलवर चालायचं. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांचा गट सगळ्या संगणकांची नावं आणि पत्ते एका यादीत ठेवायचा आणि बाकीचे ती उतरवून घ्यायचे. संगणक वाढले तशी यादी अपुरी पडू लागली. नोव्हेंबर 1983 मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी नवी रचना मांडली: एक मोठी यादी नको, ज्याची नावं त्याने सांभाळावीत. 1987 मध्ये तिचे सुधारित आराखडे आले आणि आजही पाया तोच आहे.

आता गंमत बघा. त्याच वर्षी, डिसेंबर 1983 मध्ये, अमेरिकी लष्कराच्या एका प्रयोगशाळेत माइक म्यूस यांनी ‘पिंग’ लिहिलं. पिंग विचारतं, ‘या पत्त्यावर कुणी आहे का?’ डीएनएस विचारतं, ‘या नावाचा पत्ता काय?’ दोन वेगळे प्रश्न आहेत. पण पिंगला पत्त्याऐवजी नाव दिलं की आधी दुसरा प्रश्न सुटावा लागतो, मगच पहिला विचारता येतो. 1999 मध्ये ईथन गाल्स्टॅड यांनी नेटसेंट हे टूल आणलं, 2002 मध्ये त्याचं नाव नागिओस झालं. अशा टूल्सनी दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच लाल-हिरव्या दिव्यात बसवली. नागिओसच्या माहितीपुस्तिकेत इशारा आहे की पत्त्याच्या जागी नाव भरलं आणि डीएनएस पडलं, तर तपासणी फसेल. आमच्याकडे ती पुस्तिका कुणी वाचली होती?

दुसरी गोष्ट उत्तरांची. 1987 च्या आराखड्यात उत्तरासोबत येणारे कोड ठरलेले आहेत: ‘असं नाव नाही’, ‘सर्व्हरला उत्तर काढता आलं नाही’, ‘उत्तर द्यायला नकार’ वगैरे. त्या यादीत ‘टाइमआउट’ नाही, कारण तो कुणी पाठवतच नाही. विचारणारा वाट बघून थकतो आणि स्वतःच निष्कर्ष काढतो. म्हणजे ‘असं नाव नाही’ ही समोरच्याची साक्ष आणि ‘टाइमआउट’ हा टूलचा अंदाज. टूल दोन्हींना एकाच लाल रंगात दाखवतं.

साखळीही बघायला हवी. आपल्या ‘.इन’ची जबाबदारी मे 1989 मध्ये मुंबईत जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीकडे आली. 2005 पासून ती ‘निक्सी’कडे आहे. ‘.इन’ने संपणारं नाव शोधताना प्रश्न मूळ सर्व्हर, मग ‘.इन’चे सर्व्हर, मग कंपनीचा सर्व्हर असा जातो. उत्तर काही काळ जपून ठेवलं जातं. ‘असं नाव नाही’ हे उत्तरसुद्धा जपतात, आणि त्याचे आजचे नियम मार्च 1998 चे आहेत. म्हणून नाव दुरुस्त केल्यावरही अलर्ट थोडा वेळ लालच राहतो, आणि आपण घाबरून नीट झालेलं पुन्हा बिघडवतो.

हे फक्त लहान कारखान्यातच होतं असं नाही. 4 ऑक्टोबर 2021 ला फेसबुक सुमारे सहा तास गायब होतं. त्यांचे डीएनएस सर्व्हर चालू होते, पण तिथे पोचायचे रस्तेच इंटरनेटवरून काढले गेले होते. बाहेरून बघणाऱ्याला दिसली ती डीएनएसची चूक. आतल्या अभियंत्यांची नेहमीची साधनंही त्याच डीएनएसवर उभी असल्यामुळे दुरुस्ती लांबली.

तेव्हा असा अलर्ट आला तर रीस्टार्टच्या आधी चार गोष्टी करा. वेळ आणि मूळ संदेश जसाच्या तसा उतरवून घ्या. नाव सोडून थेट आयपी पत्त्यावर पिंग करा. ‘डिग’ने तोच प्रश्न आपल्या सर्व्हरला, बाहेरच्या एका सर्व्हरला आणि त्या नावाच्या मूळ सर्व्हरला विचारा. हेच दुसऱ्या मशीनवरून करा. उत्तरं जिथे वेगळी होतात, तिथे बिघाड असण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

संशोधनातही क्रम हाच आहे. कागद हातात आला की आधी विचारायचं: हे कोण सांगतंय, कुठे उभं राहून, आणि त्याला नक्की काय विचारलं होतं? आम्ही त्या रात्री हे विचारलं नाही. डीएनएसचं मशीनसुद्धा रीस्टार्ट केलं आणि त्याच्या मेमरीतला पुरावा पुसला गेला. सेवा का पडली, ते आम्हाला कधीच कळलं नाही. अहवालातली ओळ मात्र राहिली.