अपशिंग्याचे ४६ आणि आपला फलक

'काका, तुम्ही इतिहासाचं काहीतरी लिहा, पण दोन पानांत बसवा,' असा संपादक मंडळाचा हुकूम झाला. बँकेत जन्म गेल्यामुळे मर्यादेत राहायची सवय आहे. तरी थोडं इकडंतिकडं झालं तर सांभाळून घ्यावं.

विषय शोधावा लागला नाही. सोसायटीतल्या माजी सैनिकांच्या नावांचा फलक फाटकाच्या आतल्या भिंतीवर बसवायचा, असा ठराव मागच्या सर्वसाधारण सभेत एकमताने मंजूर झाला. (पंचवीस वर्षांत रंगकामापासून पार्किंगपर्यंत आपलं कशावर एकमत झालेलं मला आठवत नाही, म्हणून मुद्दाम नोंदवून ठेवतो.) यादी करायचं काम माझ्याकडे आलं. घरोघर फिरलो तेव्हा चार सभासद निघाले. त्यातले एक तर माझ्याच जिन्यात राहतात. रोज सकाळी आम्ही दुधाच्या पिशव्या घ्यायला बरोबर उतरतो, पण हे गृहस्थ एकाहत्तरच्या लढाईत होते हे मला आत्ता कळलं.

खरं तर आपल्या भागात याचं नवल वाटू नये. आपण आज सातारकर आणि सांगलीकर असं वेगळं म्हणतो, पण १९४९ पर्यंत हा पुष्कळसा मुलूख एकाच सातारा जिल्ह्यात होता. मग उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा झाले आणि १९६० साली दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली झालं. माण, खटाव, खानापूर, आटपाडी, जत हा सगळा पावसाने पाठ फिरवलेला पट्टा. शेतावर सगळ्यांचं भागत नाही, म्हणून एक मुलगा मुंबईला गिरणीत आणि एक पलटणीत, हा घराघरातला हिशेब. देशप्रेम होतंच, पण महिन्याच्या महिन्याला येणारी मनिऑर्डरही होती. हे सांगण्यात कमीपणा काहीच नाही.

सातारा तालुक्यातलं अपशिंगे तर 'मिलिटरी अपशिंगे' म्हणूनच ओळखलं जातं. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले. ब्रिटिश सरकारने गावात त्यांचं स्मारक उभारलं. ४६ म्हणजे केवढे, याचा अंदाज यावा म्हणून सांगतो. आपल्या दोन्ही विंगांत मिळून जेवढे कर्ते पुरुष आहेत, साधारण तेवढे. गाव मात्र तेवढ्यावर थांबलं नाही. पुढच्या प्रत्येक लढाईला तिथून मुलं जात राहिली, आजही जातात.

त्या युद्धात मराठा पलटणींचं मोठं रणांगण म्हणजे मेसोपोटेमिया, आजचा इराक. तैग्रिस नदीच्या काठी कुत नावाचं गाव आहे. डिसेंबर १९१५ मध्ये तुर्कांनी तिथं पुणे डिव्हिजनला वेढा घातला. आत १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. १४७ दिवस वेढा चालला. शिधा संपत आला, तशी घोडी कापायची वेळ आली. आपल्यातल्या अनेकांनी धर्माच्या भीतीने कित्येक दिवस ते मांस तोंडात घातलं नाही, आणि उपासमारीने, स्कर्व्हीने माणसं झिजत गेली. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. सुमारे १३ हजार माणसं कैद झाली आणि वाळवंटातून पायी हाकली गेली. त्यातली कितीतरी परत आलीच नाहीत.

मेसोपोटेमियात पडलेल्या आणि ज्यांची कबर सापडत नाही अशांसाठी इंग्रजांनी १९२९ मध्ये बसऱ्याला मोठं स्मारक बांधलं. साडेचाळीस हजारांवर माणसांचं ते स्मारक. भिंतीवर गोऱ्या शिपायांची नावं कोरली. आपल्याकडच्या सुभेदार-जमादारांचीही नावं कोरली. पण आपल्या साध्या शिपायांचं काय केलं? पलटणीचं नाव लिहून पुढे नुसता आकडा घातला. अमुक पलटण, इतके. बस्स. ज्या आयोगाकडे या स्मारकांची देखभाल आहे, त्याने २०२१ मध्ये अशा वागणुकीबद्दल माफी मागितली. शंभर वर्षांनी! आपल्याकडच्या खेड्यापाड्यांत त्या काळी बसवलेल्या पाट्याही याच धर्तीच्या: या गावातून इतके गेले, त्यातले इतके मेले. नाव एकाचंही नाही. दिल्लीच्या इंडिया गेटवर तेरा हजारांहून अधिक नावं आहेत हे खरं, पण त्या युद्धात मेलेले हिंदी सैनिक सत्तर हजारांच्या पुढे होते. २०१९ मध्ये शेजारीच आपलं राष्ट्रीय युद्धस्मारक झालं. तिथं स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या पंचवीस हजारांहून अधिक जवानांची नावं एकेक करून कोरली आहेत.

आता मी बँकेचा माणूस. आम्ही माणूस नंबरानेच ओळखणारे, तेव्हा इंग्रजांना नावं ठेवताना जरा जपून बोलावं लागतं. १९८२-८३ ची गोष्ट. मी सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या शाखेत होतो. महिन्याच्या पहिल्या तारखेला पेन्शनवाल्यांची पायरीपर्यंत रांग लागायची. एका बाईचं कौटुंबिक पेन्शन कागदात काहीतरी चूक झाल्याने दोन महिने अडकलं होतं. नवरा पासष्टच्या लढाईत गेलेला. मी विचारलं, "नवऱ्याचं नाव काय?" बाई गप्प. पुन्हा विचारलं. गप्पच. मागे रांग वाढत होती, मी तरुण होतो, आवाज चढला. "अहो बाई, नाव तरी सांगा!" तशी तिने पदर पुढे ओढला, खाली बघितलं आणि धडाधडा एक नंबर म्हणून दाखवला. त्याचा पलटणीतला नंबर. एकही आकडा न चुकता, मागे पलटणीच्या नावासकट. नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, म्हणून तिने नंबर पाठ केलेला. लेजरमध्ये तोच नंबर होता. काम पाच मिनिटांत झालं. मी तिची माफी मागितली नाही. तेव्हा सुचलंच नाही. बसऱ्याच्या भिंतीबद्दल पुढे वाचलं, तेव्हा ती बाई पहिल्यांदा आठवली.

याच मातीची दुसरी बाजूही सांगायला हवी. दुसऱ्या महायुद्धात इथली मुलं आफ्रिकेत आणि इटलीत इंग्रजांच्या बाजूने लढत होती, आणि त्याच वेळी येडेमच्छिंद्रच्या क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार इथं इंग्रजांची सत्ता उखडत होतं. जून १९४३ मध्ये शेणोलीजवळ रेल्वे लुटली गेली, ती याच भागात. एकाच घरातला एक भाऊ पलटणीत आणि दुसरा भूमिगत, अशा हकिगती लहानपणी आम्ही पारावर ऐकल्या आहेत. स्वातंत्र्यानंतर मात्र दोन्ही प्रवाह एक झाले. देशातली पहिली सैनिक शाळा २३ जून १९६१ रोजी साताऱ्यात निघाली, ती देवराष्ट्र्याच्या यशवंतरावांच्या पुढाकाराने. पुढच्याच वर्षी चीनच्या युद्धात तेच संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले. त्या शाळेत शिकलेले पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक १७ नोव्हेंबर २०१५ ला कुपवाड्यात धारातीर्थी पडले. दोन वर्षांत त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक स्वतः लेफ्टनंट होऊन सैन्यात दाखल झाल्या.

आणि आपल्या वाळवा तालुक्यातल्या पेठचे मुरलीकांत पेटकर! पासष्टच्या युद्धात अंगावर गोळ्या झेलून कमरेखाली अधू झालेला हा जवान १९७२ मध्ये जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकला गेला आणि पन्नास मीटर पोहण्यात ३७.३३ सेकंदांची विक्रमी वेळ देऊन देशाला पहिलं पॅरालिम्पिक सुवर्णपदक मिळवून दिलं. त्यांना पद्मश्री मिळाली २०१८ साली. म्हणजे ४६ वर्षांनी. अपशिंग्याचाच आकडा पुन्हा पुढे आला, हा योगायोग.

आता आपल्या यादीकडे येतो. चार नावं कार्यकारिणीपुढे ठेवली. पाचवं नाव मी घातलं तेव्हा चर्चा झाली. फाटकावरचे आपले मामा. गेली अकरा वर्षं ते आपल्याकडे आहेत, आणि पगाराच्या व्हाउचरवर सही घेणारे खजिनदार सोडले तर त्यांचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं, मलाही नाही. जत तालुक्यातले, मराठा लाइट इन्फंट्रीतून सतरा वर्षांनी निवृत्त झालेले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेलं, त्या आठवड्यात लष्कराच्या बोटी शहरात फिरत होत्या. आपल्या इथं पाणी आलं नाही, पण पलीकडच्या वस्तीतून काढलेली माणसं आपल्या पार्किंगमध्ये तीन दिवस होती. कुणी कुठं झोपायचं, पाणी कुठलं प्यायचं, म्हाताऱ्यांची औषधं कुणी आणायची, हे सगळं मामांनी एका वहीत लिहून चालवलं. आपण त्यांना 'मामा, चहा घ्या' म्हटलं आणि वर गेलो.

हरकत एकच होती, आणि नियमाने बरोबर होती: फलक सभासदांचा आहे, मामा सभासद नाहीत. मी एवढंच म्हणालो की ठरावाची भाषा 'सोसायटीतील माजी सैनिक' अशी आहे, 'सभासद' हा शब्द त्यात नाही. इतिवृत्त काढून दाखवलं. बँकेची सवय कधी कधी कामाला येते. दोन मिनिटं कुणी बोललं नाही. मग चिटणीस म्हणाले, "घ्या लिहून."

मामांना सांगायला गेलो, तर ते उभेच राहिले. मी बसा म्हटलं तरी बसेनात. मग विचारलं, "साहेब, नंबर पण घालणार का?" मी म्हटलं, तुमची इच्छा असेल तर घालू. थोडा विचार करून म्हणाले, "घाला. घरी मंडळींना पाठ आहे."

तेव्हा पाचही नावांखाली नंबर येतील. संगमरवर मिरजेहून ठरला आहे, कोरणाऱ्याने अक्षरामागे दर सांगितला आणि आकड्यालाही तोच लावला. मामांचं नाव मी इथं मुद्दाम लिहिलेलं नाही. कार्यक्रमाच्या दिवशी फाटकातून आत येताना डाव्या हाताला बघा.